मोठा 'के', धाकटा 'के'

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



उरण शहर मागे टाकून दक्षिणेकडे निघालो की द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी करंजा लागते. देवीचे देऊळ, कोळ्यांची वस्ती, धक्क्याला लागलेल्या होड्या आणि धरमतरच्या खाडीपलीकडे दिसणारे रेवस. रेवसकडे जाणारी लाँच इथूनच सुटते. आज उरण हा स्वतंत्र तालुका आहे, पण इंग्रजी अमदानीत हा सगळा भाग पनवेल तालुक्याचा पोटविभाग होता आणि जुन्या इंग्रजी कागदांत या साऱ्या बेटालाच करंजा म्हणत. १७८२ सालच्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर जे करंजा बेट इंग्रजांकडे राहिले, ते हेच.

त्या काळचे इंग्रज कारकून करंजा हे नाव 'सी' या अक्षराने सुरू करीत. पुढे एकोणिसाव्या शतकात सरकारने देशी नावे इंग्रजीत लिहिण्याची हंटरसाहेबांची पद्धत स्वीकारली आणि १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये करंजा 'के'मध्ये जाऊन बसले. गाव जागचे हलले नाही, नाव मात्र अनुक्रमणिकेत आठ घरे खाली सरकले. ज्याला हे ठाऊक नाही, तो 'के'खाली शोधत बसतो आणि शंभर वर्षांचे कागद त्याच्या हाती लागत नाहीत.

दुसरीही एक गंमत आहे. वाशिम जिल्ह्यात कारंजा लाड आहे, वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे. मराठीत 'करंजा' आणि 'कारंजा' यांत एका कान्याचा फरक; कोणाचाही घोटाळा होणार नाही. रोमन लिपीत मात्र तिन्ही गावे एकाच स्पेलिंगने लिहिली जातात. आपल्याला जे दोन दिसते, ते त्या लिपीला एकच दिसते.

याच्या नेमके उलटे कोडे गेली तीसेक वर्षे इंटरनेटवर वावरणाऱ्यांना छळते आहे. माणसाला जे एकच दिसते, ते यंत्राला दोन दिसते. इंग्रजीतला मोठा 'के' आणि धाकटा 'के' आपण एकच समजतो. काही संगणक तसे समजत नाहीत. हा फरक आला कुठून आणि त्याची झळ कोणाला बसते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आधी एक प्रसंग कल्पू या. करंजातल्या एखाद्या तरुणाने गावाची वेबसाइट करायला घेतली. देवीच्या यात्रेचे फोटो, वलांडीवर सुकणारे बोंबील, जुन्या गलबतांची कुणाच्या तरी पेटीत सापडलेली छायाचित्रे, असे सगळे त्याने गोळा केले. घरच्या विंडोज संगणकावर पाने तयार केली. सगळे फोटो झकास दिसत होते. मग त्याने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, म्हणजे जगाला पाने पुरवणाऱ्या दूरच्या संगणकावर, सारा संसार हलवला. गावातल्या जाणत्यांना बोलावले, पान उघडले, आणि फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी! एखाद्या दुव्यावर टिचकी मारली की '४०४, सापडले नाही' असा निरोप. जाणते म्हणाले, "अरे, फोटो हरवले वाटते."

फोटो हरवले नव्हते. ते सर्व्हरवर सुखरूप होते. झाले होते इतकेच, की कॅमेऱ्याने फोटोच्या नावाच्या शेवटी 'जेपीजी' ही अक्षरे मोठ्या लिपीत लिहिली होती आणि मुलाने पानावर तीच अक्षरे धाकट्या लिपीत लिहिली होती. घरच्या विंडोजने हा फरक कधी मनावर घेतला नाही. सर्व्हरवर लिनक्स होते. त्याने तो काटेकोरपणे मनावर घेतला.

हे असे का, ते कळायला थोडे मागे जावे लागते.

माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल, मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. पाचवीत गुरुजी आधी 'पहिली लिपी' गिरवून घेत, म्हणजे मोठी छापील अक्षरे. मग 'दुसरी लिपी', म्हणजे धाकटी छापील अक्षरे. तिसरी आणि चौथी हाताने जोडून लिहिण्याची. एका भाषेला चार लिप्या कशाला, हा प्रश्न आम्हाला पडे आणि छडीच्या भीतीने विरून जाई. देवनागरीत 'क' हा 'क'च. वाक्याच्या आरंभी असो, राजाच्या नावात असो की रंकाच्या, तो मोठा होत नाही.

रोमन लोकांकडे मुळात एकच लिपी होती, दगडावर कोरण्याची, म्हणजे आजची मोठी अक्षरे. हाताने भराभर लिहिताना अक्षरांना गोलाई आली. इसवी सन ८०० च्या सुमारास सम्राट शार्लमेनच्या राज्यात मठांतल्या लेखकांनी एक सुबक, आटोपशीर धाकटे वळण रूढ केले. पुढे दोन्ही वळणे शेजारी शेजारी नांदू लागली. मथळ्याला आणि आरंभाला थोरली, बाकी मजकुराला धाकटी.

मग छपाई आली. जुळारी उभ्याने खिळे जुळवीत असे आणि त्याच्यासमोर खिळ्यांच्या दोन पेट्या एकावर एक तिरक्या मांडलेल्या असत. वरच्या पेटीत थोरली अक्षरे, खालच्या पेटीत धाकटी. पेटीला इंग्रजीत 'केस' म्हणतात. त्यावरून थोरली अक्षरे 'अप्पर केस' आणि धाकटी 'लोअर केस' झाली. आज संगणकवाले 'केस सेन्सिटिव्ह' हा शब्द वापरतात, तेव्हा ते नकळत त्या जुळाऱ्याच्या लाकडी पेटीचे नाव घेत असतात. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातही खिळ्यांच्या पेट्या होत्या. पण तिथे घरे वाढत ती जोडाक्षरांसाठी आणि काना-मात्रा-वेलांट्यांसाठी. थोरल्या-धाकट्याचा प्रश्न देवनागरीच्या जुळाऱ्याला पडलाच नाही.

एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आले आणि हा भेद पुन्हा पुसला गेला. मोर्सच्या कड-कट्टमध्ये थोरले-धाकटे नाही. पुढचे टेलिप्रिंटर पाच छिद्रांच्या फितीवर चालत. पाच छिद्रांच्या जुळण्या होतात बत्तीस. त्यांत सव्वीस अक्षरे बसवली की दुसऱ्या सव्विसांना जागाच उरत नाही. तारेतला मजकूर म्हणून सगळा थोरल्या अक्षरांत येई. काही व्यवहारांनी हीच रीत कायम ठेवली. करंजाच्या उत्तरेला न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तिथे उतरणाऱ्या कोणत्याही कंटेनरकडे पाहा. चार मोठी अक्षरे आणि पुढे आकडे. पनवेलच्या गाड्यांवरची पाटी पाहा, तीही मोठ्या अक्षरांतच. 'एकच लिपी वापरायची' असे आधी ठरवून टाकले की भांडणच उरत नाही.

संगणकाला तसे करता आले नाही. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देण्याचे एक प्रमाण ठरले. त्याला 'आस्की' म्हणतात. सात बिटांची, म्हणजे एकशे अठ्ठावीस घरांची ही चाळ. सुरुवातीला तीत थोरलीच अक्षरे राहायला आली होती. धाकट्यांची घरे १९६७ साली भरली. थोरल्या 'ए'चा क्रमांक ६५, धाकट्याचा ९७. थोरला 'के' ७५, धाकटा १०७. प्रत्येक जोडीत अंतर बरोब्बर बत्तीस, म्हणजे यंत्राच्या भाषेत एकाच बिटाचा फरक. सात दिव्यांच्या माळेत एक दिवा लागलेला की विझलेला, एवढाच. पण यंत्र क्रमांक वाचते. त्याच्या लेखी ७५ आणि १०७ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

इथून दोन घराणी फुटली.

पहिले घराणे युनिक्सचे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते उभारायला घेतले. त्या काळचे टेलिटाइप यंत्र फक्त थोरली अक्षरे छापणारे होते, तरी या मंडळींनी आपले सारे व्यवहार धाकट्या अक्षरांत ठेवले. गंमत म्हणजे, आत शिरताना कुणी आपले नाव पूर्णपणे थोरल्या अक्षरांत टाइप केले, तर युनिक्स समजून घेई की बिचाऱ्याच्या यंत्रावर धाकटी अक्षरेच नाहीत आणि त्याप्रमाणे वागे. पण फाइलच्या नावाबाबत त्यांचा नियम साधा होता: नाव म्हणजे आकड्यांची एक माळ. तिचा अर्थ लावायचा नाही. माळ जुळली तर फाइल तीच, नाही जुळली तर दुसरी.

दुसरे घराणे छोट्या संगणकांचे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास 'सीपीएम' रचले आणि १९८१ साली आयबीएमच्या घरगुती संगणकाबरोबर 'डॉस' आले. इथे नावाला आठ अक्षरे आणि शेपटीला तीन, एवढीच परवानगी. तुम्ही धाकट्यात लिहा की थोरल्यात, डॉस मुकाट्याने सगळे थोरले करून ठेवी. तुमच्या-आमच्या कॅमेऱ्यांतले फोटो आजही आठ-तीनच्या साच्यात आणि मोठ्या लिपीत जन्म घेतात, तो याच डॉसचा वारसा. ॲपलच्या मॅकिंटॉशने १९८४ साली मधला रस्ता काढला. नाव लिहिणाऱ्याने जसे लिहिले तसेच जपायचे, शोधताना मात्र थोरले-धाकटे पाहायचे नाही. विंडोजनेही पुढे तीच वाट धरली.

आता १९९५ हे साल लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतातल्या सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, आणि ज्या मोजक्या शहरांतून ते सुरू झाले त्यांत मुंबई होती. त्यानंतर नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, अमेरिकेत 'विंडोज ९५' बाजारात आले. त्याने आठ-तीनची बेडी तोडून लांबलचक नावे दिली. आणि त्याच वर्षी 'अपाची' हा वेब सर्व्हर लोकांच्या हाती आला. तो फुकट होता, युनिक्स घराण्यात वाढला होता, आणि पुढच्याच वर्षी जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा सर्व्हर ठरला. म्हणजे घरोघरी दुसरे घराणे आणि सर्व्हरच्या खोलीत पहिले, अशी विभागणी एकाच वर्षात पक्की झाली. मुंबईत त्या वेळी कमी पैशांत मिळणारे 'शेल अकाउंट' ज्यांनी वापरले, त्यांनी हा सांधा स्वतः अनुभवला असेल. टेबलावर विंडोज, आणि फोन लागला की समोर युनिक्सचा काळा पडदा.

वेबचा पत्ता या दोन्ही घराण्यांच्या मधोमध उभा आहे. पत्त्याचे दोन भाग पाडून पाहा. पहिला भाग सर्व्हरच्या नावाचा, जसे गावाचे नाव. तिथे थोरले-धाकटे मानायचे नाही, हा नियम नावांची ही व्यवस्था १९८३ साली आखली गेली तेव्हापासूनचा. तिरक्या रेघेनंतरचा भाग मात्र घराच्या आतल्या वाटेचा. तो कसा वाचायचा हे त्या त्या सर्व्हरवर सोडून दिलेले आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगाला सांगितलेल्या पहिल्या वेबपानाच्या पत्त्यातच थोरली आणि धाकटी अक्षरे मिसळलेली होती. त्यांचे यंत्र युनिक्स घराण्यातले होते, त्यांना त्यात अडचण नव्हती.

अडचण आली ती संसार हलवताना. विंडोजवरच्या सर्व्हरवरून लिनक्सवर पाने हलवली की शेकडो दुवे एका रात्रीत मरत. मग तोडगे निघाले. अपाचीबरोबर एक जोडपुर्जा मिळतो. मागितलेली फाइल सापडली नाही, तर तो त्या कप्प्यातली सगळी नावे चाळतो, थोरले-धाकटे विसरून मेळ बसतो का पाहतो, एखादे अक्षर चुकले असेल तर तेही पोटात घालतो आणि पाहुण्याला योग्य दारी नेऊन सोडतो. त्याचे नाव 'मॉड स्पेलिंग'. करणाऱ्यांनी त्या नावातच 'स्पेलिंग' या शब्दाचे स्पेलिंग मुद्दाम एक 'एल' गाळून चुकीचे ठेवले आहे! पण हा उपाय सरसकट लावीत नाहीत. दर चुकलेल्या मागणीला कप्पा चाळायचा म्हणजे सर्व्हरला काम वाढते, आणि झाकून ठेवलेल्या नावाचा सुगावा भलत्याला लागण्याची भीतीही असते.

ही भीती पोकळ नाही. २००१ साली ॲपलच्या नव्या मॅक ओएस टेनवर अपाची चालवणाऱ्यांना एक धडा मिळाला. अपाची युनिक्सच्या शिस्तीतला, पण त्याखालची डिस्क मॅकच्या सैल रिवाजातली. दारावरच्या पहारेकऱ्याला सांगितले होते, 'खासगी' नावाच्या कप्प्याकडे कुणाला सोडू नकोस. पाहुण्याने तेच नाव एक अक्षर थोरले करून सांगितले. पहारेकऱ्याच्या यादीत ते नाव नव्हते, त्याने आत सोडले. गोदामवाल्याला मात्र दोन्ही नावे एकच, त्याने कप्पा उघडून दिला. २०१४ च्या डिसेंबरात जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात त्या 'गिट' या साधनातही याच जातीची फट सापडली आणि विंडोज व मॅकवाल्यांना घाईने नवी आवृत्ती घ्यावी लागली. नियम कडक असो वा सैल, चालतो. एकाच घरात दोन नियम असले की कुलूप निरुपयोगी ठरते.

मग बरोबर कोण? सामान्य माणूस म्हणेल, सैल नियम बरा. 'करंजा' मोठ्या 'के'ने लिहिले काय, धाकट्याने लिहिले काय, माणसाला हवे ते पान मिळावे. मलाही आधी तसेच वाटे. पण सैलपणाला एक किंमत असते. कोणते अक्षर कोणाच्या बरोबरीचे, याचा एक तक्ता यंत्राला जवळ बाळगावा लागतो. विंडोजची डिस्क असा तक्ता खरोखरच स्वतःच्या पोटात ठेवते. आता तो तक्ता कोणत्या भाषेचा? तुर्की भाषेत टिंबाचा 'आय' आणि बिनटिंबाचा 'आय' ही दोन वेगळी अक्षरे आहेत, आणि इंग्रजीच्या तक्त्याने त्यांची जोडी लावली की शब्द बिघडतो. म्हणजे 'हा फरक क्षुल्लक' असे म्हणताना आपण कोणाच्या तरी भाषेचा निवाडा करीत असतो.

मराठी माणसाने याचा अनुभव घेतलेला आहे. युनिकोड सर्रास होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटांत टाइप होई, त्यांत इंग्रजी कळांवरच मराठी अक्षरे चढवलेली असत. धाकट्या 'के'वर 'क' आणि थोरल्या 'के'वर 'ख' अशी मांडणी असली, की इंग्रजी वाक्याचे पहिले अक्षर आपोआप थोरले करणारा प्रोग्रॅम मदतीला धावून येई आणि 'करंजा'चा 'खरंजा' करून ठेवी. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून ती 'मदत' बंद करून ठेवणे हे पहिले काम असे. आपल्या लिपीत थोरले-धाकटे नाही, पण त्या काळात आपले अल्पप्राण-महाप्राण त्या एका बिटावर टांगलेले होते.

युनिक्सच्या कोरड्या नियमाचा आपल्याला झालेला फायदाही सांगायला हवा. नाव म्हणजे आकड्यांची माळ, अर्थ लावायचा नाही, असे ठरवल्यामुळे त्या माळेत पुढे कोणतीही लिपी बसू शकली. १९९२ साली त्याच केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्याबरोबर 'यूटीएफ-८' ही रीत रचली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावते. जुन्या युनिक्सला देवनागरीची ओळखही नव्हती, तरी ही माळ त्याने मुकाट्याने सांभाळली असती. २०१४ साली 'डॉट भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम आले. आज सर्व्हरवर 'करंजा' नावाचे पान मराठीतच ठेवता येते.

म्हणजे देवनागरीत नाव ठेवले की भांडण मिटले? तसे नाही. आपल्याकडे थोरले-धाकटे नसले, तरी आपला स्वतःचा एक 'के' आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द घ्या. एक करंजाच्या कोळ्याचा समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या खोल दऱ्या. फरक फक्त रफार की अर्धचंद्रासारखा 'र', एवढाच. मराठी कान हा फरक सोडणार नाही. पण युनिकोडमध्ये हा दुसरा 'र' लिहिण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. 'ऱ' हे एक सलग चिन्ह वापरता येते, किंवा साध्या 'र'खाली नुक्ता देऊन तेच घडवता येते. काही जण साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह अशीही रचना करतात. पडद्यावर तिन्हींचे रूप एकच. आकड्यांच्या माळा मात्र तीन. ॲपलने १९९८ साली आणलेली डिस्कव्यवस्था सलग चिन्ह फोडून त्याचे दोन तुकडे करून ठेवी. तिच्यावर तयार केलेली 'दऱ्या' नावाची फाइल त्याच तुकड्यांनिशी लिनक्स सर्व्हरवर गेली, तर सलग चिन्हाने हाक मारणाऱ्याला ती सापडत नाही. डोळ्यांना फरक दिसण्याचीही सोय नाही. त्यापेक्षा मोठा-धाकटा 'के' परवडला.

अलीकडे दोन्ही घराणी एकमेकांच्या अंगणात डोकावू लागली आहेत. २०१८ पासून विंडोज १० मध्ये एखाद्या कप्प्यापुरता कडक नियम लावता येतो. २०१९ साली लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कव्यवस्थेत, हवा असल्यास, सैल नियमाची सोय आली. तरीही वेबचे दुवे आपोआप जुळतील, असे समजून चालणार नाही.

श्रोतेहो, हा सारा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की यात हरवते ते आपले असते. मोठ्या कंपनीकडे दुवे तपासायला माणसे असतात. गावाचे पान करणारा मुलगा एकटा असतो. गाव बंदरासाठी, रस्त्यांसाठी, नव्या वसाहतींसाठी झपाट्याने बदलत असते, आणि जुन्या किनाऱ्याचा एखादा फोटोच काय तो मागे राहतो. तो सर्व्हरवर असूनही दिसला नाही, तर पाहणारा म्हणतो, 'नाही वाटते', आणि निघून जातो. दोन-चार वर्षांनी सर्व्हरचे भाडे भरायचे राहते, आणि मग तो खरोखरच जातो.

यावर उपाय फार अवघड नाहीत. फाइलची नावे पहिल्या दिवसापासून धाकट्या अक्षरांत ठेवावीत, शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता आडवी रेघ द्यावी. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंची नावे आधी बदलून मगच पानात घालावीत. पाने ज्या जातीच्या सर्व्हरवर जाणार, त्याच जातीच्या संगणकावर एकदा तपासून पाहावीत. पाने हलवली, तर जुन्या पत्त्यावर नव्याची पाटी लावून ठेवावी. सर्व्हरला ती सोय असते. देवनागरी नावे ठेवायची, तर 'ऱ' कसा टाइप करायचा ते एकदा ठरवावे आणि सगळ्यांनी तसाच करावा. आणि मूळ फोटो एका जास्तीच्या ठिकाणी, घरी, नाव-गाव-साल लिहून जपावेत.

पाहणाऱ्यासाठीही एक सांगतो. एखादे जुने पान '४०४' म्हणाले, तर लगेच हार मानू नका. पत्त्यातले थोरले अक्षर धाकटे करून पाहा, धाकटे थोरले करून पाहा. जुन्या दप्तरात करंजा शोधणारा अभ्यासक 'के'ची पाने संपली की 'सी'ची उघडतो. तसेच हे.